नील्सन, कार्ल आउगुस्ट

(९ जून १८६५–३ ऑक्टोबर १९३१). श्रेष्ठ डॅनिश संगीतरचनाकार, व्हायोलिनवादक, वाद्यवृंदसंचालक व संगीतविषयक लेखक. सहा सिंफनी, दोन ऑपेरा, तीन कन्चेर्तो, नाट्यसंगीत, मोजक्या वाद्यांसाठी केलेल्या रचना, पियानो व ऑर्गनसाठी रचना, धर्मगीते आणि सुमारे तीनशे गीते असा त्याच्या निर्मितीचा पसारा आहे. खेड्यातील नाचाचे संगीत, लष्करी बँड, राजाश्रयाचा वाद्यवृंद, रंगभूमी, चर्च, शाळा व समूहगायनाचे मेळावे या सर्व ठिकाणच्या संगीताशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आला आणि त्यांतील कोणत्याही प्रकाराला त्याने कमी लेखले नाही. डेन्मार्कबाहेर तो मुख्यतः सिंफनीकार म्हणून ओळखला जातो. खुद्द डेन्मार्कमध्ये मात्र ज्यांनी त्याची एकही सिंफनी ऐकलेली नाही, अशा कित्येकांना त्याची गाणी तोंडपाठ असतात. या दोन कीर्ती वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्यांच्यामागील संगीतदृष्टी एकच आहे. ती ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या कार्याचे यथार्थ आकलन होत नाही.

बालपण व शिक्षण : नील्सनचा जन्म फ्यून बेटावर, ओडेन्से शहराच्या दक्षिणेस असलेल्या नॉरे ल्युनेल्से या खेड्याजवळ एका गरीब कुटुंबात झाला. बारा भावंडांतील तो सातवा. वडील घरे रंगविण्याचा व्यवसाय करीत आणि लग्नसमारंभांतून व मेजवान्यांतून व्हायोलिन व कॉर्नेट वाजवीत. या वादनासाठी त्यांना आसपासच्या गावांतून मोठी मागणी असे. आई लोकगीते गात असे. कार्ल सहा वर्षांचा असताना आजारी पडून अंथरुणावर होता, तेव्हा आईने त्याच्या हाती एक लहान व्हायोलिन दिले. त्याआधीच घराजवळ रचून ठेवलेल्या सरपणाच्या ओंडक्यांवर आघात करून त्यांच्या लांबीजाडीनुसार निरनिराळे स्वर निघतात, याचा शोध त्याने लावला होता. हंसांची राखण करणे, मोलमजुरी करणे अशी कामे करीतच तो वाढला. थोडा मोठा झाल्यावर तो वडिलांबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. त्याच सुमारास त्याने रचलेल्या एका पोल्का नृत्यधुनेवर कोणालाही नाचता येणार नाही, असे मत वडिलांनी दिले. तिच्यातील आघात अपेक्षित मात्रांवर न पडता त्यांच्या अलीकडेपलीकडे पडत होते. ज्या संगीतावर माणसांची पावले पडावयाची आहेत त्याची शिस्त कोणती, हा धडा नील्सनला अशा प्रकारे फार लवकर मिळाला. गावातील हौशी वादकांच्या ‘ब्रागा’ या मंडळात त्याला हायडन आणि मोट्‌सार्ट यांच्या संगीताचा प्रथम परिचय झाला.

शाळा संपल्यावर त्याला एका दुकानदाराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले होते परंतु त्या दुकानदाराचे दिवाळे निघाल्याने ती उमेदवारी लवकरच संपुष्टात आली. नोव्हेंबर १८७९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ओडेन्से येथील १६ व्या पलटणीच्या बँडमध्ये बिगूल व आल्टो ट्राँबोन वाजविण्यासाठी त्याची निवड झाली. पलटणीत असतानाच त्याने आपल्या सोबत्यांसाठी धातूच्या सुषिर वाद्यांच्या छोट्या रचना केल्या, व्हायोलिनचा सराव चालू ठेवला आणि बाखच्या पियानोरचनांचा अभ्यास केला. १८८३ मध्ये कोपनहेगनला जाऊन त्याने प्रसिद्ध संगीतकार व तेथील संगीतविद्यालयाचा संचालक नील्स गाडे यास आपली एक रचना दाखविली. गाडेने त्याच्या ठायी असलेली रचनाबंधाची जाण ओळखली. ओडेन्से परिसरातील काही हितचिंतकांनी आर्थिक साहाय्य केल्यामुळे जानेवारी १८८४ ते डिसेंबर १८८६ या काळात त्यास त्या विद्यालयात शिक्षण घेता आले. तेथे व्हायोलिनसाठी व्हाल्डेमार टोफ्टे आणि संगीतशास्त्रासाठी ओर्ला रोसेनहॉफ हे त्याचे शिक्षक होते. रोसेनहॉफशी त्याचा स्नेह पुढेही टिकला. तंतुवाद्यांसाठी रचलेले त्याचे छोटे ‘स्वीट’ कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानात ८ सप्टेंबर १८८८ रोजी सादर झाले. त्यास त्याने आपली पहिली क्रमांकित कृती मानले आहे.

वादक व संचालक : १८८९ मध्ये नील्सन राजकीय वाद्यवृंदात दुय्यम व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाला. ही नोकरी त्याने १९०५ पर्यंत केली. १८९० मध्ये शिष्यवृत्ती मिळाल्याने त्याने जर्मनी, फ्रान्स व इटलीचा प्रवास केला. पॅरिसमध्ये मार्च १८९१ मध्ये डॅनिश शिल्पकार आन मारी ब्रॉडर्सन हिच्याशी त्याची भेट झाली आणि त्याच वर्षी १० मे रोजी फ्लॉरेन्स येथे दोघांचा विवाह झाला. आन मारी स्वतंत्र प्रतिभेची कलावती होती व विवाहानंतरही तिने आपले काम थांबविले नाही. शिल्पांसाठी तिला दीर्घकाळ घराबाहेर राहावे लागे. पुढे नील्सनच्या परस्त्रीसंबंधांमुळे १९१४ च्या सुमारास दोघांत तीव्र दुरावा आला. काही वर्षे विभक्त राहिल्यानंतर १९२२ च्या सुमारास ती पुन्हा एकत्र आली. नील्सनच्या सर्वांत संघर्षमय रचना या अस्वस्थ कालखंडात निर्माण झाल्या आहेत.

त्याची पहिली सिंफनी १४ मार्च १८९४ रोजी योहान स्व्हेन्सेनच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली, तेव्हा रचनाकार स्वतः दुय्यम व्हायोलिनवादकांच्या रांगेत बसून ती वाजवीत होता. वादक म्हणून मिळणारे वेतन कुटुंबास पुरे पडत नसल्याने तो खाजगी शिकवण्या करी. १९०१ पासून त्यास शासनाकडून वार्षिक मानधन मिळू लागले. ते आरंभी ८०० क्रोनर इतके अल्प होते. १९०८ ते १९१४ या काळात तो राजकीय रंगमंदिराचा वाद्यवृंदसंचालक होता. १९१५ ते १९२७ पर्यंत कोपनहेगनच्या ‘म्युझिकफोरेनिंगेन’ या संगीतसंस्थेच्या मैफलींचे त्याने संचालन केले. १९१८ नंतरची काही वर्षे स्वीडिश संगीतकार व्हिल्हेल्म स्टेनहामार याच्या अनुपस्थितीत गॉथनबर्गच्या वाद्यवृंदाचेही संचालन त्याने केले. १९१६ पासून तो कोपनहेगनच्या संगीतविद्यालयात अध्यापन करीत होता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९३१ मध्ये, तो त्या विद्यालयाचा संचालक झाला.

सिंफनीरचना : नील्सनच्या सिंफनींचे वेगळेपण समजून घेण्यासाठी पाश्चात्त्य संगीतातील स्वरपट्टीची कल्पना लक्षात घेणे आवश्यक आहे. हिंदुस्थानी संगीतात षड्ज एकदा स्थिर झाला, की गायनाच्या अखेरपर्यंत तोच आधार राहतो. पाश्चात्त्य रचनेत हा आधारस्वर मध्येच बदलता येतो आणि या स्थलांतरातून नाट्य निर्माण होते. तथापि रचना जेथून निघाली तेथेच तिने अखेर परतावे, असा संकेत अठराव्या शतकापासून दृढ झाला होता. नील्सनने हा संकेत मोडला. त्याची पहिली सिंफनी जी मायनर या स्वरपट्टीत सुरू होते व सी मेजरमध्ये संपते. पुढील रचनांत हे तत्त्व अधिक व्यापक झाले. त्याच्या सिंफनीतील अंतिम स्वरपट्टी आयती हाती येत नाही. विरोधी स्वरपट्ट्यांशी झगडून ती मिळवावी लागते. प्रवासाअंती माणूस घरी न परतता नव्या मुक्कामास पोहोचावा, तसा अनुभव श्रोत्यास येतो. ब्रिटिश संगीतकार रॉबर्ट सिंप्सन याने नील्सनच्या सिंफनींवरील आपल्या ग्रंथात (१९५२) या तत्त्वाचे प्रथम सविस्तर विवेचन केले.

दुसऱ्या सिंफनीची (१९०२, म. शी. चार मनःप्रकृती) कल्पना त्यास झीलंड बेटावरील एका खेड्यातील खानावळीच्या भिंतीवर लावलेल्या रंगीत चित्रावरून सुचली. तापट, मंद, विषण्ण आणि आनंदी अशा चार प्रकृतींच्या माणसांचे ते काहीसे हास्यास्पद चित्र होते. प्रथम सर्वांना हसू आणणारे हे चित्र त्याच्या मनातून जाईना आणि त्यातूनच चार भागांची ही गंभीर रचना उभी राहिली. ती त्याने आपला मित्र, इटालियन पियानोवादक व संगीतकार फेर्रुच्चो बुसोनी यास अर्पण केली आहे. तिसऱ्या सिंफनीच्या (१९१२, म. शी. विस्तारशील सिंफनी) दुसऱ्या भागात एक स्त्री व एक पुरुष असे दोन आवाज शब्दांवाचून, केवळ स्वरांवर गातात. या सिंफनीने त्यास देशाबाहेर काही प्रमाणात मान्यता मिळवून दिली.

चौथी सिंफनी १९१४ ते १९१६ या काळात, पहिले महायुद्ध चालू असताना रचली गेली व १ फेब्रुवारी १९१६ रोजी सादर झाली. ‘न विझणारे’ अशा अर्थाचे शीर्षक तिला आहे. जीवनाची जी मूलभूत इच्छाशक्ती सर्व विनाशातून तगून राहते, ती संगीताच्या ठायीही आहे, असा अभिप्राय नील्सनने या शीर्षकातून सुचविला. तिच्या चारही विभागांत खंड पडत नाही. अखेरच्या विभागात वाद्यवृंदाच्या दोन बाजूंना मांडलेल्या टिंपनींच्या (पाश्चात्त्य नगाऱ्यांच्या) दोन जोड्या एकमेकींवर तुटून पडतात आणि त्या कोलाहलातून ई मेजर या स्वरपट्टीतील भव्य सूर वर येतो.

पाचवी सिंफनी (१९२२) ही सामान्यतः त्याची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. रूढ चार भागांऐवजी तिला दोनच भाग आहेत. पहिल्या भागात तंतुवाद्ये एक शांत व विशाल सुरावट विस्तारत असताना एक लहान पडघम स्वतःच्या स्वतंत्र लयीत वाजू लागतो. संगीताची वाटचाल कसेही करून थांबवावयाची आहे अशा आवेशाने वादकाने उत्स्फूर्तपणे वाजवावे, अशी सूचना रचनाकाराने येथे दिली आहे. स्वरलिपीत काहीही लिहिलेले नसताना वादकाने मनास येईल ते वाजवावे, ही त्या काळच्या सिंफनीतील अपूर्व गोष्ट होती. अखेर वाद्यवृंदाचा सूर पडघमाला व्यापून टाकतो, पडघम दूर जातो आणि एकटी क्लॅरिनेट उरते. १९२४ मध्ये स्टॉकहोम येथे ही सिंफनी सादर झाली, तेव्हा पहिला भाग चालू असतानाच अनेक श्रोते सभागृह सोडून गेले. सहाव्या सिंफनीस (१९२५) त्याने ‘साधी सिंफनी’ असे नाव दिले असले, तरी ती त्याची सर्वांत गूढ व उपरोधपूर्ण रचना आहे. तिचा शेवट मंद्र सप्तकातील बसूनच्या एकाकी स्वरांनी होतो.

रंगभूमीसाठी रचना : नील्सनचा पहिला ऑपेरा ‘सॉल आणि डेव्हिड’ (१९०२) बायबलमधील कथेवर आधारलेला असून त्यातील समूहगायनाचे प्रसंग विशेष भव्य आहेत. दुसरा ऑपेरा ‘मास्करेड’ ११ नोव्हेंबर १९०६ रोजी रंगभूमीवर आला. डॅनिश रंगभूमीचा आद्य नाटककार लूद्‌व्हिग हॉल्बर्ग याच्या १७२४ मधील सुखात्मिकेवरून व्हिल्हेल्म आनर्सन याने त्याची संहिता तयार केली. एका अभिजात नाट्यकृतीस संगीताचा साज चढविण्याची कल्पना काही वाङ्‌मयीन वर्तुळांत रुचली नाही, परंतु प्रेक्षकांनी ऑपेराचे मनापासून स्वागत केले. मुखवटे घालून केलेल्या नृत्योत्सवात मालक व नोकर, वृद्ध व तरुण हे भेद तात्पुरते नाहीसे होतात, हे त्याचे आशयसूत्र आहे. डेन्मार्कचा राष्ट्रीय ऑपेरा म्हणून त्यास आज मान्यता आहे.

ओलेनश्लेगरच्या ‘अलादीन’ या काव्यनाट्यास नील्सनने १९१८–१९ मध्ये विस्तृत संगीत दिले. त्यातील इस्फाहानच्या बाजाराच्या प्रसंगी वाद्यवृंदाचे चार गट चार वेगवेगळ्या सुरावटी वेगवेगळ्या लयींत एकाच वेळी वाजवितात. बाजारातील गजबज स्वरांतून उभी करण्याची ही युक्ती काळाच्या पुढची होती. याच संगीतात ‘हिंदू नृत्य’ नावाची एक रचना आहे. मात्र तिचा भारतीय संगीतपद्धतीशी संबंध नसून पूर्वेकडील देशांविषयीच्या यूरोपीय कल्पनाचित्राचा तो एक भाग आहे. १९१९ च्या प्रयोगासाठी दिग्दर्शकाने वाद्यवृंदाची जागा रंगमंचाच्या विस्तारासाठी घेतली, वादकांना एका भव्य जिन्याखाली दाटीवाटीने बसविले आणि अखेरच्या तालमींत संगीताचा बराच भाग वगळला. तेव्हा जाहिरातपत्रकांवरून आपले नाव काढून टाकावे, अशी मागणी नील्सनने केली.

गीतरचना : नील्सनच्या गीतांची पार्श्वभूमी डेन्मार्कच्या सामाजिक इतिहासात आहे. धर्मोपदेशक, कवी व शिक्षणविचारक ग्रुंटव्हिग याच्या विचारांतून तेथे लोकविद्यालयांची चळवळ सुरू झाली. असे पहिले विद्यालय १८४४ मध्ये रॉडिंग येथे निघाले. परीक्षा व पदव्या यांपासून दूर राहून शेतकरी तरुणांना इतिहास, मातृभाषा व नागरिकत्व यांचे जिवंत शिक्षण देणे, हे या विद्यालयांचे उद्दिष्ट होते. एकत्र गाणे हा त्या शिक्षणाचा नित्याचा भाग होता. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याकडून पराभव पत्करून स्लेस्व्हिग व होल्स्टाइन हे प्रदेश गमावल्यानंतर या चळवळीस अधिकच बळ मिळाले. आकुंचित झालेल्या राष्ट्राचा आत्मविश्वास शेती, सहकार व लोकशिक्षण यांच्या द्वारे पुन्हा उभारण्याचा तो काळ होता. तथापि समूहाने गावयाच्या अनेक चाली एकोणिसाव्या शतकातील भावविवश दिवाणखानी गीतांच्या धर्तीच्या होत्या. त्यांतील मोठ्या स्वरांतरांच्या उड्या, स्वरांची नाजूक वळणे व पियानोच्या साथीवरील अवलंबन यांमुळे त्या सामान्य गळ्यास पेलत नसत.

या परिस्थितीत बदल घडवून आणण्याचे श्रेय ऑर्गनवादक टोमास लाउब (१८५२–१९२७) आणि नील्सन यांच्याकडे जाते. जुनी धर्मगीते व मध्ययुगीन लोकगीते यांच्या साध्या, भारदस्त चालींकडे परत जावे, असे लाउबचे प्रतिपादन होते. दोघांनी मिळून ‘वीस डॅनिश गीते’ हा संग्रह दोन भागांत (१९१५, १९१७) प्रसिद्ध केला. पुढे ओलुफ रिंग व टोर्व्हाल्ड ओगोर यांच्या सहकार्याने त्यांनी ‘लोकविद्यालयाचे चालींचे पुस्तक’ (१९२२) संपादित केले. डॅनिश समूहगायनाच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान मूलभूत आहे. धर्मगीतांच्या ४९ चालींचा नील्सनचा संग्रह १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या मार्गावरील नील्सनचे पहिले मोठे यश म्हणजे १९०७ मधील ‘येन्स व्हायमन’ हे गीत. कवी येप्पे ओकेअर याच्या या रचनेत रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या एका मजुराची कथा आहे. जन्मभर इतरांसाठी दगड फोडणाऱ्या या माणसाच्या वाट्यास मरणानंतर थडग्यावरील दगडही येत नाही. तेथे उभी राहते ती केवळ एक जुनी फळी. हा दाहक सामाजिक आशय नील्सनने कोणताही आक्रोश न करता, रस्त्याने चालताना गुणगुणता येईल अशा चालीत बसविला. प्रत्येक कडव्यास तीच चाल असल्यामुळे शब्दांचा अर्थ जसजसा गडद होत जातो, तसतशी चालीची अविचल साधेपणाने होणारी पुनरावृत्ती अधिक परिणामकारक ठरते. हे गीत थोड्याच काळात रस्त्यावरील वाद्यांपर्यंत व घराघरांत पोहोचले.

नील्सनच्या अशा चालींत काही समान लक्षणे आढळतात. त्यांचा स्वरविस्तार मर्यादित असतो. स्वर बहुधा लगतच्या स्वराकडे पायरीपायरीने जातात आणि मोठी उडी आली, तर ती नेमक्या महत्त्वाच्या शब्दावर येते. एका अक्षरास सामान्यतः एकच स्वर दिलेला असतो. श्वासाची जागा आणि कवितेच्या चरणाचा शेवट एकत्र येतात. ही चाल साथीशिवायही पूर्ण वाटते. ती प्रथमच ऐकणाऱ्यास आपण ती पूर्वी कोठे तरी ऐकली आहे, असा भास होतो. हा साधेपणा सहजसाध्य नव्हता. एकच स्वरांतर जणू प्रथमच ऐकावे इतक्या ताजेपणाने वापरता आले पाहिजे, असे तो ‘जिवंत संगीत’ (१९२५) या आपल्या निबंधसंग्रहात आग्रहाने मांडतो. अनावश्यक अलंकरणाविषयी त्यास तिटकारा होता.

गीतकार नील्सन आणि सिंफनीकार नील्सन यांचे नाते येथे स्पष्ट होते. त्याच्या सिंफनींतील प्रचंड रचना पुष्कळदा लोकगीतास शोभेल अशा साध्या सुरावटीतून उगवतात. त्या सुरावटीस विरोध होतो, ती मोडते, बदलते आणि अखेर स्वतःची जागा मिळविते. उलटपक्षी त्याच्या गीतांत सिंफनीकाराची रचनाशिस्त दिसते. सुषिर वाद्यांच्या पंचकासाठी त्याने केलेल्या रचनेत (१९२२) हे नाते प्रत्यक्षच आढळते. तिच्या अखेरच्या भागात त्याने स्वतःच्याच एका धर्मगीताची चाल घेतली आहे. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न व बसून ही वाद्ये त्या चालीची नानाविध रूपे उलगडतात—काही विनोदी, काही भांडखोर, काही चिंतनशील—आणि शेवटी ती चाल आपल्या मूळ साध्या रूपात परत येते.

दक्षिण जटलंडचा उत्तरेकडील भाग सार्वमतानुसार १९२० मध्ये डेन्मार्कला परत मिळाला, त्या निमित्ताने हेल्गे रोडे याने लिहिलेल्या ‘आई’ या नाटकास नील्सनने संगीत दिले. त्यातील बासरी व हार्प यांसाठी केलेली धुके विरत जाण्याचा भास निर्माण करणारी छोटी रचना व काही गीते आजही लोकप्रिय आहेत. ‘फ्यूनमधील वसंत’ (१९२१) ही गायक, समूह व वाद्यवृंद यांसाठी केलेली रचना म्हणजे आपल्या जन्मभूमीस त्याने वाहिलेली कृतज्ञतेची ओंजळ होय. ती ओडेन्से येथील समूहगायन महोत्सवात ८ जुलै १९२२ रोजी शेकडो गायकांनी प्रथम सादर केली. तिचे काव्य ओगे बेर्न्टसेन याचे असून, नील्सनच्या तरुणपणी त्याचा पाठीराखा असलेल्या व पुढे डेन्मार्कचा पंतप्रधान (१९१०–१३) झालेल्या क्लाउस बेर्न्टसेन याचा तो मुलगा होय. सहा महिन्यांपूर्वीच पाचवी सिंफनी प्रथम सादर झाली होती आणि त्याच वर्षी लोकविद्यालयाच्या चालींचे पुस्तकही निघाले. एकाच वर्षी प्रकाशात आलेल्या या कृती नील्सनच्या प्रतिभेचा आवाका दाखवितात.

उत्तरायुष्य : १९२२ पासून नील्सनला हृदयविकाराचा त्रास होऊ लागला. १९२५ मध्ये त्याची साठी देशभर उत्साहाने साजरी झाली. तथापि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मनोगताने अनेकांना धक्का बसला. आयुष्य पुन्हा जगावयास मिळाले, तर कलेचे सर्व विचार डोक्यातून काढून आपण एखाद्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू, अशा आशयाचे उद्‌गार त्याने काढले होते. लहानपणी दुकानातील उमेदवारी सुटल्यामुळेच संगीताकडे वळलेल्या या कलावंताच्या तोंडी ते विशेष बोचरे वाटतात. मोठ्या रचनांच्या प्रकाशनातून मिळणारे तुटपुंजे उत्पन्न, संचालन व अध्यापन यांत खर्ची पडणारा वेळ आणि परदेशांतील उपेक्षा यांचा शीण त्यामागे होता. राष्ट्रीय सन्मान व उपजीविकेची विवंचना एकाच वेळी त्याच्या वाट्यास आली होती.

असे असूनही त्याची निर्मिती थांबली नाही. कोपनहेगनच्या सुषिरवाद्य पंचकातील पाचही वादकांच्या स्वभावास अनुरूप असा एकेक कन्चेर्तो लिहिण्याचा संकल्प त्याने केला होता. त्यांपैकी बासरीचा (१९२६) व क्लॅरिनेटचा (१९२८) हे दोनच पूर्ण झाले. ओगे ऑक्सनव्हाड या वादकासाठी लिहिलेल्या क्लॅरिनेट कन्चेर्तोत पाचव्या सिंफनीप्रमाणेच लहान पडघम वाद्याशी सतत कुरापत काढतो. ‘माझे फ्यूनमधील बालपण’ (१९२७) हे त्याचे आत्मवृत्त डॅनिश गद्यातील एक प्रसन्न कृती मानले जाते. ‘लहानमोठ्यांसाठी पियानोसंगीत’ (१९३०) या संग्रहातील रचनांत प्रत्येक हात पाच स्वरांच्या कक्षेतच राहतो. त्यांतील काही अगदी नवशिक्यासही वाजविता येतात. याच काळात तो ‘कोमोटिओ’ (१९३१) ही ऑर्गनसाठी केलेली गुंतागुंतीची दीर्घ रचना पूर्ण करीत होता. तीच त्याची अखेरची मोठी कृती ठरली. कोपनहेगन येथे त्याचे निधन झाले. त्याच्या अंत्यविधीत वाजविलेले व गायिलेले सर्व संगीत त्याचे स्वतःचेच होते. आन मारीने त्याच्या स्मरणार्थ घडविलेले, घोड्यावर बसून पावा वाजविणाऱ्या तरुणाचे शिल्प १९३९ मध्ये कोपनहेगनमध्ये उभारण्यात आले.

प्रभाव व मूल्यमापन : नील्सनच्या मृत्यूनंतर डॅनिश संगीतावर त्याची छाया दीर्घकाळ राहिली. व्हॉन होल्म्बो (१९०९–९६) याच्यासारख्या सिंफनीकारांनी त्याच्या रचनातत्त्वांचा विकास केला. याउलट रूद लँगगोर (१८९३–१९५२) या उपेक्षित समकालीन संगीतकाराने नील्सनच्या सर्वंकष प्रतिष्ठेवर उपरोध म्हणून १९४८ मध्ये ‘कार्ल नील्सन, आमचा थोर संगीतकार’ या शब्दांची एक छोटी समूहगायनरचना लिहिली व ती अनंतकाळ आवर्तत राहावी, अशी सूचना दिली. एखाद्या लहान देशात एका कलावंताचा मोठेपणा इतरांस कसा गुदमरविणारा ठरू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

आंतरराष्ट्रीय मान्यता त्यास मरणोत्तर व सावकाश मिळाली. त्याच वर्षी जन्मलेला फिनिश संगीतकार यान सिबेलिउस हयातीतच जगप्रसिद्ध झाला होता. नील्सनबाबत मात्र १९५० च्या एडिंबरो महोत्सवात डॅनिश नभोवाणीच्या वाद्यवृंदाने सादर केलेली पाचवी सिंफनी निर्णायक ठरली. लेनर्ड बर्नस्टाइन याने १९६२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह त्याच सिंफनीचे ध्वनिमुद्रण केले व नील्सनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६५ मध्ये, कोपनहेगन येथे तिसरी सिंफनी संचालित केली. ओडेन्से येथे १९८० पासून त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय वादनस्पर्धा भरविली जाऊ लागली. त्याच्या समग्र रचनांची चिकित्सक आवृत्ती १९९४ ते २००९ या काळात प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या डॅनिश चलनमालिकेत शंभर क्रोनरच्या नोटेवर त्याचे चित्र होते. २००६ मध्ये डॅनिश संस्कृतिमंत्रालयाने निवडलेल्या देशातील बारा श्रेष्ठ संगीतकृतींत त्याच्या तीन कृतींचा समावेश करण्यात आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपीय अभिजात संगीत अधिकाधिक दुर्बोध व तज्ज्ञापुरते मर्यादित होत गेले आणि करमणुकीचे संगीत स्वतंत्र व्यवसाय बनले. या वाढत्या दुराव्याच्या काळात नील्सनने दोन्ही बाजूंस काम केले. सिंफनी सुगम करण्यासाठी त्याने तिच्यातील संघर्ष बोथट केला नाही, तसेच लोकांसाठी लिहावयाचे म्हणून गीतांत सवंगपणा येऊ दिला नाही. नाचणाऱ्यांच्या पावलांची, गाणाऱ्यांच्या श्वासाची आणि वादकांच्या हाताची प्रत्यक्ष ओळख असल्यामुळे संगीत हे प्रथम माणसाच्या देहाशी व कृतीशी निगडित आहे, याचे त्याचे भान कधी सुटले नाही. शाळेतील मुले गातात ती चाल आणि पडघमाच्या आघातांतून वाट काढणारी सुरावट यांचा उगम एकच आहे, ही त्याच्या संगीताची मौलिक शिकवण होय.